निरंकचे शुक्रवार

मी आरोग्य सेवक आहे. गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात आणि मीही आता ते दुरुस्त करत नाही. माझं काम दारोदार फिरण्याचं. कुणाला ताप आहे का विचारायचं, असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रांजण आणि हौद डासांच्या आळ्यांसाठी बॅटरी मारून बघायचे, तुंबलेल्या नालीत औषध टाकायचं. आणि हे सगळं कागदावर उतरवायचं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी पायांपेक्षा पेनाने जास्त चाललो असेन.

आमच्या खात्यात एक शब्द आहे, निरंक. या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. साप चावलेले, निरंक. दूषित पाण्याचे रुग्ण, निरंक. रकाना मोकळा सोडला तर वरून फोन येतो, आकडा लिहिला तर वरून माणसं येतात. निरंक लिहिलं की कुणी येत नाही. मी कळमनुरीहून त्या शब्दाचा रबरी शिक्काच करून आणला होता. बरोबरीचे आधी हसले, मग त्यांच्यातल्या दोघांनी तसाच करून घेतला.

मी सांगतोय ती गोष्ट दोन पावसाळ्यांपूर्वीची. माझं उपकेंद्र आखाडा बाळापूरपासून आठ-दहा किलोमीटर आत, गावाच्या कडेला, शाळेला लागून आहे. मागे एक जुनी चिंच. चिंचेपलीकडे गावाचं सांडपाणी ओढ्याला मिळण्याआधी साचून राहतं. काळं, जाड पाणी. त्या चिंचेवर कावळ्यांची वस्ती होती. संध्याकाळी ते परतायला लागले की फोनवरचं बोलणं ऐकू यायचं नाही.

भाद्रपदात एक पत्र आलं. दोन पानं आणि सोबत एक तक्ता. महिन्याच्या बैठकीत आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी ते समजावून सांगितलं. मॅडम वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, नुकत्याच रुजू झालेल्या. त्या म्हणाल्या, वेस्ट नाईल नावाचा एक विषाणू आहे. घाण पाण्यातला डास पक्ष्याला चावतो, तोच डास मग माणसाला चावतो. माणसाला बहुतेक वेळा साधा ताप येऊन जातो, पण एखाद्याच्या, त्यातही म्हाताऱ्या माणसाच्या, मेंदूपर्यंत तो पोचतो. कावळ्याला मात्र तो सोसत नाही. म्हणून आधी कावळे मरतात, माणसं नंतर आजारी पडतात. मधले जे दोन-चार आठवडे मिळतात, त्यातच आपल्याला काय ते करता येतं. मेलेले पक्षी दिसले तर आकडा लिहायचा, ताजा मेलेला असेल तर त्याच दिवशी फोन करायचा. अहवाल दर शुक्रवारी.

इथपर्यंत मी ऐकलं. पुढेही त्या काही सांगत होत्या, पण मी मागच्या बाकावर बसून हिवतापाचा मासिक तक्ता पुरा करत होतो. पत्र मी घडी घालून फाइलला लावलं. दुसरं पान वाचलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुजींनी मला हाक मारली. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचं घर उपकेंद्राच्या शेजारी. रोज सकाळी ते कंपाउंडच्या भिंतीवर भाकरीचे तुकडे मांडायचे आणि कावळे मोजायचे. सवय जुनी, हजेरी घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही म्हणायचे. आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे.

"डॉक्टर, माझ्या वर्गाची पटसंख्या घटून राहिली," ते म्हणाले.

"कोणता वर्ग, गुरुजी?"

"हा काय, भिंतीवरचा. पोळ्याला एकतीस होते. काल एकोणीस, आज चौदा. शाळेचा पट असा घटला असता तं साहेब गाडी घेऊन आले असते. हितं कुणी विचारतबी न्हाई."

आतून काकू म्हणाल्या, "तुमच्या भाकरीला कंटाळले असतील. रोज ज्वारी, रोज ज्वारी."

"भाजतीस तू, वाढतो मी. कंटाळले असतील तं दोघांनाही."

मी हसलो. पण उपकेंद्राच्या मागे गेलो तेव्हा चिंचेखाली दोन कावळे पडलेले होते. पंख अंगाला चिकटलेले, पाय आखडलेले. कुठे जखम नाही, रक्त नाही. मी वाकून बघत होतो तेवढ्यात सांडपाण्याच्या पलीकडून आवाज आला. तिथे एक चाची राहते. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला फर्निचरच्या कामावर, आणि दारात वीस-पंचवीस गावरान कोंबड्या.

"काय सापडलं, डाक्टर भैया?"

"काही नाही चाची. कावळा मेलाय."

"व्हय, परवा बी एक पडला व्हता. तारेला चिकटला असंल." मग थोडं थांबून तिने विचारलं, "माझ्या कोंबड्या तं न्हाई ना नेणार कुणी?"

तिने एवढंच विचारलं. लिहू नका असं म्हणाली नाही, हात जोडले नाहीत. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मी चाचीसाठी गप्प बसलो.

काही वर्षांपूर्वी कोंबड्यांची साथ आली होती तेव्हा एका गावात माझी ड्युटी लागली होती. पांढरा प्लास्टिकचा पोशाख घालून मी घरोघरची यादी वाचायचो आणि दुसरी माणसं कोंबड्या पोत्यात भरायची. एका म्हातारीने माझ्या पायावर कोंबडी आपटली होती. "घे, ही बी घे, ही राह्यली तुझी," म्हणाली. ती साथ वेगळी होती, हा आजार वेगळा. पण माझ्या डोक्यात मेलेला पक्षी म्हणजे ते पोतं, हे पक्कं बसलं होतं. आकडा लिहिला की गाडी येणार, पांढरे पोशाख येणार, आणि यादी पुन्हा मीच वाचणार. ते मला नको होतं. चाचीच्या कोंबड्यांपेक्षा मला माझी ती लाज नको होती.

दोन कावळे म्हणजे काही साथ नाही, असं ठरवून मी शुक्रवारी शिक्का मारला.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सात होते. एक जिवंत होता. तो जमिनीवर बसून मान एका बाजूला कलती करून वर बघत होता. मी जवळ गेलो तर उडायला म्हणून पुढे झुकला आणि चोचीवर पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. दारू प्यालेल्या माणसासारखा. मी अर्धा मिनिट उभा राहिलो असेन. मग चहा प्यायला नाक्यावर गेलो. चहा नको होता, पण गेलो. परत आलो तेव्हा तो मेला होता.

मी कुदळ घेतली, खड्डा केला, सगळ्यांना त्यात टाकून वर ब्लिचिंग पावडर पसरली. त्या आठवड्यात आणखी दोन सापडले. पहिले दोन धरून अकरा झाले. ते सगळे मी शाळा भरायच्या आत पुरले. निर्जंतुक केलं, आपलं काम केलं, असं मनाशी म्हणालो. चाची दारातून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी निरंक.

आता जे लिहितो ते बायकोलाही मी खूप उशिरा सांगितलं. त्याच शनिवारी मी हिंगोलीला घरी गेलो आणि बाजारातून जाळी आणून आमच्या चारही खिडक्यांना बसवून घेतली. सुताराला दुपारीच बोलावलं. बायको म्हणाली, "दिवाळीत लावू म्हणत होता, आता एवढी घाई काहून?" मी म्हणालो, डास वाढलेत. संध्याकाळी गच्चीवर बसायचं नाही असं मुलीला बजावलं. मागच्या मोरीत औषध टाकलं. म्हणजे काय चाललंय ते मला पुरतं समजत होतं. माझ्या घरापुरतं मी ते मानलं होतं. गावासाठी निरंक होतं.

सोमवारी गावात परतलो तर एका घरातून बोलावणं आलं. त्या घरची आई सत्तरीच्या पुढची, ताप येऊन अंथरुणावर होती. दोन मुलं, थोरला शेती करणारा, धाकटा पुण्याला. थोरल्याने मला ओट्यावरच गाठलं.

"डॉक्टर, काय करू? नांदेडला न्यावं का?"

मी रक्त घेतलं, किटवर तपासलं. मलेरिया नव्हता. डोकं फार दुखतंय म्हणत होती, उजेड नको म्हणून तोंडावर पदर घेतला होता. माझ्या मनात कावळा आला. तो जमिनीवरचा, मान कलती केलेला. पण तोंडातून निघालं ते नेहमीचं. "मलेरिया न्हाई. गोळ्या द्या, पाणी पाजा. उतरेल." चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. वय झालं होतं, सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तिसऱ्या शुक्रवारी चिंचेखाली एकही मेलेला कावळा नव्हता. मरायला फारसे उरलेच नव्हते. संध्याकाळी चिंच गप्प असायची. त्या दिवशी शिक्का मारताना, या वेळी तरी खोटं नाही, असा एक हलकेपणा मला वाटला. त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

चौथा शुक्रवारही निरंक गेला, मग त्या आईचा दहावा कयाधू नदीच्या काठी झाला. मुलांनी मुंडण केलं, पिंड पानावर ठेवला, आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळा शिवेपर्यंत थांबायचं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वर आभाळ मोकळं होतं. एक घार फिरत होती, तीही लांब. अर्धा तास झाला तेव्हा लोक कुजबुजायला लागले.

"कावळेच कमी झालेत आजकाल," एकजण म्हणाला. "मोबाईलच्या टावरनं."

"टावर काय काल बसला का? माझ्या सासऱ्याच्या येळी पाच मिनटात शिवला व्हता."

"मग आईच्या मनात काहीतरी राह्यलं असंल. विचारा पोरांनो, विचारा."

धाकटा पुढे झाला. आई, मी वेळेवर आलो नाही, रजा मिळाली नाही, असं काहीबाही बोलला. काही आलं नाही. मग थोरला गेला. त्याने हात जोडले, पण कुणाला काही सांगतोय असं वाटत नव्हतं, तो आईशीच बोलत होता.

"आई, तुला नांदेडला न्यायला पाह्यजे होतं. गाडी दारात होती. मी न्हाई नेलं. सोयाबीन काढायला आलं होतं म्हणून न्हाई नेलं. चुकलं माझं. आता तरी राग सोड."

तो वाट बघत उभा राहिला. मग तो वळला आणि गर्दीत मला शोधलं. "तुमीच बोल्ले होते ना डॉक्टर, मलेरिया न्हाई, उतरेल म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. कावळे मेलेत, अकरा मी माझ्या हातांनी पुरलेत, तुझी आई रागावलेली नाही. एवढं बोललो असतो तर त्या माणसाच्या डोक्यावरचं उतरलं असतं. पण पुढचा प्रश्न आला असता, कशाने मेले, आणि त्याच्या पुढचा, तुम्हाला माहीत होतं का?

"व्हय, बोल्लो होतो," मी म्हणालो.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे निघाले. थोरला मागे राहिला. तो परत परत वर बघत होता.

गुरुजी दहाव्याला नव्हते. अंगात कणकण आहे असा निरोप त्यांनी पाठवला होता. नदीवरून सरळ त्यांच्याकडे गेलो. ते खाटेवर पडून होते. ताप होता. चिंचेखाली रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे ते.

"आज हजेरी किती, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"किती?"

"एक. तो बी उशिरा आला. अंगठे धरायला लावले असते." हसायला गेले आणि मान धरून कळवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू रडत उपकेंद्रात आल्या. गुरुजी त्यांना ओळखत नव्हते. काकूंना शाळेतल्या बाई समजून फळा पुसायला सांगत होते. डावा हात थरथरत होता. रुग्णवाहिकेतून आम्ही त्यांना कळमनुरीला आणि तिथून नांदेडला नेलं. वाटेत काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या, आणि मी खिडकीतून बाहेर बघत तारांवर कावळे शोधत होतो.

नांदेडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात असताना मॅडमचा फोन आला.

"तिथल्या डॉक्टरांशी बोलले मी. मेंदूज्वरच वाटतोय. कशामुळे ते शोधतायत. त्यांनी विचारलं, त्या गावात पक्षी मेलेत का? मी तुमचे अहवाल काढले. सगळे निरंक आहेत. मग तसंच कळवते त्यांना."

"मॅडम," मी म्हणालो. समोर काकू बाकावर बसल्या होत्या, पायात चपला नव्हत्या. घाईत घरीच राहिल्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मी काहीतरी चांगलं सांगेन म्हणून.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"मॅडम, ते निरंक नाहीत. अकरा पुरले मी. त्याहून जास्त मेलेत. शंभरेक होते, आता एखाद-दुसरा दिसतो."



"कधीपासून?"

"साडेतीन आठवडे झाले. पत्र आलं त्याच आठवड्यापासून."

"का?" त्यांनी ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं.

मी कोंबड्यांचं सांगितलं. मागची साथ, पोती, चाची. माझंच मला ऐकवेना.

"अहो, या आजारात कोंबड्या न्यायच्या नसतातच. मी बैठकीत बोलले होते. पत्रात दुसऱ्या पानावर ठळक छापलंय." मग त्यांचा आवाज बदलला. "ठीक आहे. आधी डॉक्टरांना कळवते. तुम्ही गावात परत जा. ताजा मेलेला एखादा कावळा मिळतो का बघा, आणि केव्हापासून कमी झाले ते विचारा लोकांना."

काकूंची बहीण नांदेडला असते, ती आल्यावर मी निघालो. उपकेंद्रात पोचल्यावर आधी फाइल काढली. दुसऱ्या पानावर खरंच होतं. कोंबड्यांपासून हा आजार पसरत नाही, कोंबड्या नष्ट करण्याची आवश्यकता नाही, तसं गावकऱ्यांना समजावून सांगावे. समजावून सांगायचं काम माझंच होतं.

दिवस मावळायच्या आत मी चिंचेखाली, ओढ्याच्या काठाने, शाळेच्या मागे सगळं धुंडाळलं. जुनी पिसं होती, वाळलेला एक सांगाडा होता. ताजं काही नव्हतं. इतके दिवस जे मी लपवत फिरलो ते आता हात पसरून मागत होतो आणि मिळत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कुलूप काढतोय तर चाची उभी. हातात प्लास्टिकची पिशवी.

"माझ्या परसात पडला. गरम हाय अजून."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने लगेच सोडली नाही.

"भैया, तुमी खड्डे करून राह्यले व्हते ते मी रोज बघत व्हते. वाटलं, वरून हुकूम असंल. गुरुजीला तकलीफ झाली म्हणून आता इचारते. लिहिलं व्हतं का तुमी कुठं?"

"नाही चाची."

"काहून?"

"तुझ्या कोंबड्या नेतील म्हणून."

"मी बोल्ले व्हते का तुमाला, लिहू नका म्हणून?"

"नाही."

"मग माझ्या कोंबड्यायचं नाव काहून घेता?" आणि पिशवी माझ्या हातात देऊन ती गेली.

पशुवैद्यकीय खात्याचा माणूस दुपारी बर्फाचा डबा घेऊन आला. मॅडम स्वतः आल्या. कावळे केव्हापासून कमी झाले ते नक्की कुणालाच सांगता येईना. कुणी पोळा म्हणे, कुणी गणपती. तेव्हा मला कॅलेंडर आठवलं. काकूंना फोन करून विचारलं, शेजारच्यांकडून किल्ली घेतली आणि मॅडमना गुरुजींच्या स्वयंपाकघरात नेलं. भिंतीवरच्या चौकोनांत बारीक, स्वच्छ अक्षरात आकडे होते. एकतीस, तीस, एकतीस, अठ्ठावीस. मग उतरंड. मॅडमनी उभ्याउभ्या पानं उलटली, फोटो काढले. एका तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथून सुरू झालं. आणि यांना ताप आला इथे." मधले चौकोन त्यांनी मोजले. मोठ्याने मोजले नाहीत, पण ओठ हलत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून दोन्ही नमुन्यांचा निकाल आला. कावळ्यात तो विषाणू होता आणि गुरुजींच्या पाठीतून काढलेल्या पाण्यातही त्याच्या खुणा होत्या. तोवर गावात फवारणी झाली होती, जेसीबी लावून सांडपाण्याला वाट करून दिली होती, घरोघर मच्छरदाण्या वाटल्या होत्या. तापाचे आणखी काही निघाले, ते आपोआप बरे झाले. चाचीच्या कोंबड्या दारातच राहिल्या. मला कारणे दाखवा नोटीस आली. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी कागदावर जे घडलं ते सगळं लिहिलं, आणि सात पानं झाली.

गुरुजी दीड महिन्याने घरी आले. डावा पाय ओढत चालतात, बोलताना मधेच एखादा शब्द हरवतो. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, काकूंच्या समोर. काकू उठून आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या.

"शाळा तपासायला साहेब यायचे," मग गुरुजी थांबत थांबत म्हणाले, "तवा मी बी गैरहजर पोरं हजर दाखवली आहेत. लई वेळा. पण पोरं... पोरं कुठं तरी जिवंत असायची."

या आजारावर औषध नाही, आधी कळलं असतं तरी उपचार तेच झाले असते, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी गुरुजींना सांगणार होतो. नाही सांगितलं. आधी कळलं असतं तर नाली उपसली गेली असती, आणि संध्याकाळी चिंचेखाली खुर्ची टाकू नका एवढं कुणीतरी त्यांना म्हणालं असतं.

मग उरला थोरला. त्याच्या आईला काय झालं होतं ते कधीच कळणार नाही. काचपट्टीवरचा तो एक थेंब मलेरियासाठी होता, त्यातून आता काही निघणार नाही. मॅडम म्हणाल्या, असू शकेल, नसूही शकेल. मी आठ दिवस त्याच्या शेताच्या वाटेवरून गाडी वळवून परत आणत होतो. शेवटी एका दुपारी गेलो. तो ट्रॅक्टरखाली शिरून काहीतरी पिळत होता. मुंडणानंतरचे केस अजून आखूडच होते.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो हळूहळू बाहेर आला.

"म्हंजे दहाव्याला कावळा आला न्हाई, ते..."

"कावळे नव्हतेच. आई नाराज नव्हती."

तो तिथेच चाकाला टेकून खाली बसला. तळहाताने तोंड पुसलं, तेलाचा पट्टा गालावर उमटला. मला वाटलं तो रडेल, पण त्याने मान वर केली.

"तुमाला माहीत होतं. नदीवर उभे होते तवाबी माहीत होतं."

"हो."

"मी तिथं सगळ्यांसमोर म्हणलं, चुकलं माझं. तुमी ऐकून राह्यले होते. तवा काहून न्हाई बोल्ले?"

"भ्यालो."

"अन् आईला ताप होता तवा? तवाबी माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. खात्री नव्हती, नुसती शंका होती, असं सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण त्याला ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"जा तुमी," तो म्हणाला. "आमच्या दारात येऊ नका."

पण माझं कामच दारात जाण्याचं. दर पंधरवड्याला प्रत्येक घर. त्या घरापाशी मी फाटकाबाहेर उभा राहून विचारायचो, "ताप आहे का कुणाला?" आतून त्याची बायको म्हणायची, "न्हाई." मी लिहून पुढे जायचो. तिने खरं सांगितलं की नुसतं मला घालवलं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि त्या शंकेने मी अख्खा दिवस बेचैन असायचो. दोनदा शेजारच्या घरून त्यांच्या लेकरांची चौकशी केली. हिवाळा असा गेला, उन्हाळाही गेला.

मग ज्येष्ठात एकदा मी फाटकाबाहेर उभा होतो. नेहमीसारखं विचारलं. बायकोचा आवाज आला नाही. तो स्वतः बाहेर आला, बनियनवर, हातात दातण. माझ्याकडे न बघता म्हणाला, "परसातली नाली तुंबलीय. बघून घ्या."

मी त्याच्यामागून घराला वळसा घालून परसात गेलो. न्हाणीचं पाणी साचून काळं झालं होतं. बॅटरीची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. वळवळत्या आळ्या, शेकड्याने. माझी सावली पडली तशा त्या खाली गेल्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आठ-दहा."

"फावडं आहे का? वाट काढून देऊ. तोवर वर जळकं ऑइल टाकावं लागेल."

तो गेला. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात भरून घेऊन आला, दुसऱ्या हातात फावडं. फावडं त्याने माझ्याकडे दिलं नाही. स्वतःच नालीत उतरला. मी डबा घेतला, आणि तो गाळ बाजूला सारत जाईल तसं त्याच्या मागून थोडं थोडं तेल ओतत गेलो.